तीर्थातली गोळी

विद्याश्री खुर्चीत बसण्याआधी कुठल्या तरी लोखंडाला हात लावायची. खिडकीचा गज, कपाटाची कडी, काहीही चालायचं.

टेबलाजवळून जाताना टाचा उचलून चालायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

कॉफीचा पेला तोंडाला लावून आधी नुसती हवा ओढायची, क्षणभर थांबायची, मग प्यायची.

फोन ठेवताना कन्नडमध्ये ‘सरी, सरी, सरी’, म्हणजे बरं-बरं, म्हणायची आणि तरी फोन ठेवायची नाही.

रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये भांडायची, मांजराशी मराठीत बोलायची, स्वतःला इंग्रजीत शिव्या द्यायची.

कोथिंबिरीची जुडी घेताना दोरा सोडून आतून बघायची. वरून हिरव्या दिसणाऱ्या कशावरही तिचा विश्वास नव्हता.

आणि रोज सकाळी अंघोळ झाली की तीर्थासाठी उजवा हात पुढे करून देवघरापुढे उभी राहायची. देवावरही तिचा विश्वास नव्हता.

सिद्धी बंगळुरातल्या राजाजीनगरच्या त्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली, तेव्हा तिनं या सवयी नुसत्या पाहिल्या. सिद्धी अमरावतीची. पुण्याला मराठी साहित्यात एम. ए. केलेलं, आणि आता एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीसाठी ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’ असली वाक्यं लिहायची. बहुतेक दिवस घरूनच. खालच्या मजल्यावर घरमालक नरसिंहराव, त्यांची विधवा थोरली बहीण सुशीलाबाई आणि नरसिंहरावांची एकुलती मुलगी विद्याश्री. नरसिंहरावांना सगळे अण्णा म्हणत, सुशीलाबाईंना अक्का. विद्याश्रीची आई ती शाळेत असतानाच गेली होती. अक्कांनी तिला वाढवलं. अण्णांचं अस्तर, लेस, बटणं असल्या शिवणकामाच्या सामानाचं दुकान होतं. चार पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या, तरी घरात मराठीच. ती मराठी ऐकून सिद्धीला पहिला आठवडाभर हसू यायचं.

“हसू नको,” विद्याश्री म्हणाली होती. “तुझी मराठी तरी काय, अर्धी इंग्रजी. आमची निदान शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली आहे.”

सवयींचा उलगडा हळूहळू झाला. विद्याश्री एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होती. उंदराच्या मेंदूचा पापुद्र्याएवढा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, त्यातली एकच पेशी निवडायची आणि काचेच्या सुईचं टोक तिच्या कातडीला अलगद टेकवायचं. सुईला एक नळी जोडलेली असते. ती तोंडात धरून इतकीशी हवा ओढायची की पेशीची कातडी काचेला चिकटेल, पण फाटणार नाही. मग पेशीत काय ये-जा होते ते पडद्यावर दिसतं. कोणी जोरानं पाय आपटला, तर सकाळपासूनची मेहनत वाया. अंगावरच्या कपड्यांची वीज सुईत उतरली, तरी वाया. ती वीज आधीच निघून जावी म्हणून लोखंडाला हात. म्हणून टाचा. कॉफीचंही तेच.

तीर्थाचा उलगडा मात्र अक्कांनीच केला, एका दुपारी मेथी निवडताना. सिद्धी घरातलीच झाली होती तोवर.

विद्याश्री कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना झोपेनाशी झाली. रात्रंदिवस बोलायची, खोलीच्या भिंतींवर गणितं लिहायची. मग एक दिवस आडवी झाली ती महिनाभर उठली नाही. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. अण्णांनी एकच प्रश्न विचारला. “हे बाहेर कळणार नाही ना?”

घरात पाहुण्यांचा राबता. हुबळीचे, तंजावरचे, दुकानातले. टेबलावर गोळ्यांची पट्टी दिसली की उचलून वाचणारे. आजची पोरं तर फोनवर नाव टाकून क्षणात रोग काढतात. तोडगा अक्कांना सुचला. गोळी पाण्यात विरघळणारी होती. अक्का ती एका छोट्या चांदीच्या वाटीत विरघळवायच्या, वर तुळशीचं पान टाकायच्या आणि पूजा झाली की तीर्थ म्हणून विद्याश्रीला द्यायच्या. बाकीच्यांना मोठ्या पंचपात्रीतलं तीर्थ. पट्टी देवघरात, अष्टगंधाच्या डब्यामागे. तिथे पारोशा हातानं कोण जाणार?

“तीर्थ कोणी हुंगून बघत नाही,” अक्का म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. “इतकी वर्षं झाली. देवाच्या दयेनं पोर सरळ आहे.”

संध्याकाळी गच्चीवर सिद्धीनं विद्याश्रीला धरलंच. “तू शास्त्रज्ञ आहेस यार! आणि घरात चोरून औषध? तेही तीर्थ म्हणून?”

“स्वल्प हळू बोल, शेजारच्या बाईंचे कान वेलीसारखे येतात वर,” विद्याश्री म्हणाली. “चोरून नाही ग. मला माहीत आहे, अण्णांना माहीत आहे, अक्कांना माहीत आहे. अक्कांना वाटतं, देवानं बरं केलं. मला वाटतं, गोळीनं. गोळी पोटात जाते ना? मग श्रेय कोणीही घेऊ दे.”

“गोळी करते काय पण?”

विद्याश्रीनं कठड्याला हात लावला आणि बसली. असं काही विचारलं की तिचे डोळे चमकायचे.

“मेट्रोचं गेट बघितलंस ना? कार्ड टेकवलं की उघडतं, माणूस आत, बंद. पेशीच्या कातडीला अशीच गेटं असतात. सोडियमचं गेट वेगळं, पोटॅशियमचं वेगळं. सोडियम धाडकन आत घुसलं की पेशीतून ठिणगी उडते, पुढच्या पेशीला निरोप जातो. विचार म्हणजे तेच, राग म्हणजे तेच. आता काही पेशी उगीचच पेटतात. गेट उघड-बंद, उघड-बंद, दम म्हणून खात नाही. माझी गोळी म्हणजे तिथला सिक्युरिटीवाला. शांत गेटाकडे तो बघतही नाही. जे फार वेळा उघडतंय, नेमकं त्याच्याच तोंडाशी जाऊन बसतो आणि म्हणतो, स्वल्प थांबा.”

“कन्नडमध्ये?”

“बंगळुरातल्या डोक्यात दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणणार?” विद्याश्री हसली. मग म्हणाली, “पण हे अर्धंच आहे हं. सोडियमच्या गेटापाशी ती काय करते ते मी रोज पडद्यावर बघते. तेवढ्यानं मन कसं ताळ्यावर येतं, ते अजून कोणालाच नीट सांगता येत नाही. मलाही नाही.”

“आणि एखादे दिवशी अक्का विसरल्या तर?”

“एखादे दिवशी चालतं. मध्ये बरेच दिवस गेले तर मात्र पुन्हा पायथ्यापासून चढायचं. अगदी लहान मात्रेनं सुरुवात, आठवड्या-आठवड्यानं थोडी वाढवायची. एकदम पूर्ण दिली तर एखाद्याचं शरीर असं उलटतं की कातडी सोलून निघते. क्वचित होतं, पण होतं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलंय. अण्णांनी तर मान हलवून ‘सरी डॉक्टर’ म्हटलं होतं.”

हे तिघांना समोर बसवून सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवायचं.

त्यानंतर स्थळ आलं. किरणकुमार हुबळीकडचा, मराठी घरातला, जे. पी. नगरला राहणारा, आयटीतला. त्याच्या घरच्यांना मुलगी पसंत. विद्याश्री त्याला दोन-तीनदा बाहेर भेटली, आणि आली ती गुणगुणत आली. सिद्धीनं विचारलं, “कसा आहे?” तर म्हणाली, “ऐकतो. मध्ये बोलत नाही. आणि टेबल हलवत नाही.” तिच्याकडून याहून मोठं प्रमाणपत्र कोणाला मिळालं नव्हतं.

साखरपुड्याची तारीख धरली. घरात धांदल उडाली. आणि याच धांदलीत अण्णा आणि अक्का स्वयंपाकघरात बसले आणि त्यांनी एक निर्णय घेतला. सिद्धीला हे फार उशिरा कळलं, पण सांगताना क्रमानंच सांगायला हवं.

अण्णा म्हणाले, “सासरी तीर्थ कोण देणार?”

सासरी पट्टी दिसणार. सासू विचारणार. मग मोडलेलं लग्न, चार लोकांत नाचक्की, आणि पोर जन्माची घरी. “इतकी वर्षं बरी आहे,” अण्णा म्हणाले. “बऱ्या माणसाला औषध कशाला? आत्ताच बंद करून बघू. आपल्या डोळ्यांसमोर. ठीक राहिली तर कायमची सुटली.”

“तिला सांगायचं?”

“सांगितलं तर ती बंद करू देईल?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून छोट्या वाटीत नुसतं पाणी. गोळीची चव किंचित गोडसर असायची, म्हणून अक्कांनी चिमूटभर साखर आणि कापराचा कण घातला. विद्याश्री तीर्थ घेऊन म्हणाली, “अक्का, आज स्वल्प जास्तच गोड?”

“लग्नघर आहे, सगळंच गोड,” अक्का म्हणाल्या, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सिद्धी तिथेच उभी होती, मोठ्या पंचपात्रीतलं तीर्थ घ्यायला. तीही हसली.

पहिले काही दिवस काही झालं नाही. अण्णांची कळी खुलली. दुकानातून येताना मैसूरपाक आणला. मग विद्याश्री पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायला लागली. भराभर बोलायची. वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. प्रयोगशाळेतल्या बाईंना तिनं एका दिवसात सात नवे प्रयोग सुचवले, आणि त्या ‘बघू’ म्हणाल्या तर तिथेच रडली. रिक्षावाल्याशी भांडताना एरवी गंमत असायची, आता तो माणूस घाबरून पैसे न घेताच गेला. टेबलाजवळून जाताना टाचा उचलेनाशी झाली.

सिद्धीनं एकदा दार लावून विचारलं, “विद्या, खरं सांग. गोळी चुकली का मध्ये?”

“कशी चुकेल? रोज घेते. तूच असतेस की समोर.”

“मग असं का होतंय?”

विद्याश्री पलंगाच्या कडेवर बसली. हाताची नखं एकमेकांत अडकवत राहिली. “डोस पुरत नसेल. लग्नाचा ताण असेल. किंवा माझा मेंदू गोळीला सरावला असेल. होतं तसंही. मी माझ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, पुढच्या आठवड्याची.” मग अगदी लहान आवाजात म्हणाली, “सिद्धी, माझीच भीती वाटते ग मला.”

सिद्धीला आज सगळ्यात जास्त संताप येतो तो या वाक्याचा. त्या मुलीनं आपल्या मेंदूवर शंका घेतली, औषधावर घेतली, आयुष्यभराच्या अभ्यासावर घेतली. कोथिंबिरीची जुडी सोडून बघणाऱ्या त्या मुलीनं घरच्या वाटीवर शंका घेतली नाही. अण्णा आणि अक्का भिंतीपलीकडे बसून तिला स्वतःला घाबरताना ऐकत होते, आणि गप्प होते. तेव्हा एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं.

डॉक्टरांची वेळ यायच्या आत दुकानात प्रकार घडला. विद्याश्री अण्णांना डबा द्यायला गेली आणि गिऱ्हाइकांसमोर बटणांचे खण ओढून जमिनीवर ओतायला लागली. “रंगानं कशाला लावता, भोकांच्या संख्येनं लावा,” असं ओरडत होती. अण्णांनी तिला कसंबसं घरी आणलं. त्या संध्याकाळी अण्णा आणि अक्का देवघराचं दार लावून बराच वेळ आत होते.

दुसऱ्या सकाळी वाटीत गोळी आली. पूर्ण. पहिल्यासारखी.

सगळं सुरळीत होणार, असं अक्कांना वाटलं. विद्याश्री थोडी निवळलीही, निदान तसं दिसलं, आणि डॉक्टरांकडे जाणं साखरपुड्यानंतरवर ढकललं गेलं. साखरपुडा साधेपणानं झाला. फोटोत तिनं किरणकुमारच्या खुर्चीच्या लोखंडी पाठीवर हात ठेवला आहे. मग ताप आला. घसा दुखू लागला, डोळे चुरचुरू लागले. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. सिद्धी बरोबर होती.

तिथली डॉक्टर तरुण होती, पण चोख. तिनं विद्याश्रीला विचारलं, “काही औषध चालू आहे?”

विद्याश्रीनं लपवलं नाही. नाव सांगितलं, लॅमोट्रिजिन. किती वर्षं ते सांगितलं.

“अलीकडे मात्रा वाढवली? मध्ये खंड पडला होता? बंद करून पुन्हा सुरू केलं?”

“नाही.”

डॉक्टरनं मान वळवून अण्णांकडे पाहिलं. “सर, घरी औषध कोण देतं? खंड पडला नाही ना?”

“एक दिवससुद्धा नाही, डॉक्टर,” अण्णा म्हणाले. अक्का बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

डॉक्टर म्हणाली, “खंड नाही, बदल नाही, इतकी वर्षं सोसलंय, म्हणजे त्याचं वाटत नाही. व्हायरल असावं. पण अंगावर पुरळ दिसलं, तोंडात फोड आले, तर औषध थांबवून लगेच या.”

त्या डॉक्टरनं प्रश्न बरोबर विचारला होता. दोनदा विचारला होता, वेगवेगळ्या माणसांना. लोक आता हळहळून म्हणतात, डॉक्टरांना कळलं नाही. कसं कळणार? ज्यांना माहीत होतं त्यांनी समोर उभं राहून खोटं सांगितलं, आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तीर्थ दिलं. तिसऱ्याही दिवशी.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी छातीवर लाल ठिपके उमटले. संध्याकाळपर्यंत पाठ भरली. ओठ सुजले. विद्याश्रीनं आरशात पाहिलं, आणि सिद्धीला म्हणाली, “हे मला माहीत आहे. पुस्तकात बघितलंय. पण हे सुरुवातीला होतं ग, इतक्या वर्षांनी कसं होईल? हे सुरुवातीलाच होतं.”

सिद्धी साहित्याची विद्यार्थिनी. रसायनातलं तिला काही कळत नाही. पण माणूस एकच वाक्य दोनदा म्हणतो तेव्हा थांबून ऐकायचं असतं, एवढं कळतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. अक्का शेगडीपाशी पेज ढवळत होत्या.

“अक्का, गोळी मध्ये बंद केली होती का?”

पळी थांबली.

“अक्का.”

“थोडेच दिवस, बाई.”

“थोडे म्हणजे? आठवडा? पंधरा दिवस?”

अक्कांनी पळी खाली ठेवली.

“आणि परत सुरू कशी केली?”

अक्कांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात काहीतरी ठामपणा होता, जणू यातून त्यांची सुटका होणार होती. “पूर्ण दिली. पहिल्यासारखी. अर्धी-मुर्धी नाही दिली मी. तिच्यासाठी कधी हात आखडता घेतला नाही, सिद्धी. पूर्ण दिली.”

सिद्धीनं शेगडी बंद केली. का केली, तिला माहीत नाही. मग ती चपला न घालताच बाहेर पळाली आणि रस्त्यावर जाऊन टॅक्सी थांबवली.

मोठ्या इस्पितळाच्या बाहेरच्या बाकांवर किरणकुमार आधीच येऊन बसला होता, त्याच्या आईवडिलांसह. विद्याश्रीला आत नेलं. आतून एक डॉक्टर कागद घेऊन आले आणि नेमका तोच प्रश्न विचारला. औषधात खंड पडला होता का?

अण्णांनी सिद्धीचं मनगट धरलं. घट्ट. “त्यांच्यासमोर नको,” ते दातांतून म्हणाले. “बाजूला घेऊन सांगू. आपल्या घरातली गोष्ट आहे.”

“तुमच्या घराची कातडी नाही सोलवटत, अण्णा, तिची सोलवटतेय!” सिद्धी ओरडली. बाकावरचे सगळे वळले. तिनं सगळं सांगितलं. वाटी, साखर, कापूर, बंद, सुरू, पूर्ण. आजाराचं नावही सांगितलं, मोठ्यानं. डॉक्टर लिहीत होते, ते लिहिता लिहिता थांबले, आणि पळत आत गेले.

किरणकुमारची आई मुलाकडे बघत होती. किरणकुमार उठला. अण्णांसमोर येऊन उभा राहिला. खालच्या आवाजात म्हणाला, “मला माहीत होतं, अण्णा. आजार, गोळी, तीर्थ, सगळं. पहिल्याच भेटीत सांगितलं तिनं.”

अण्णांनी सिद्धीचं मनगट सोडलं. “मग... तुम्ही बोलला का नाहीत?”

“ती म्हणाली, अण्णांना वाईट वाटेल. त्यांना वाटू दे की कोणाला माहीत नाही.”

अण्णा बाकावर बसले. त्यांच्या बाजूला बसावं, हात धरावा, असं सिद्धीला वाटलं नाही. आजही वाटत नाही. लोक म्हणतात, म्हातारा खचलाय, आता काय बोलायचं त्याला. म्हणू देत. त्या माणसाला मुलीच्या जिवापेक्षा मुलीचं स्थळ मोठं वाटलं. त्यासाठी त्यानं तिच्या मेंदूशी तिच्या नकळत प्रयोग केला. विद्याश्रीला उंदराच्या मेंदूला हात लावायचा तरी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागायची.

भाजल्याच्या रुग्णांना ठेवतात तशा खोलीत तिला ठेवलं. कातडी जागोजागी सुटत होती. गोळी थांबवली होती, पण उशीर झाला होता. डॉक्टर सरळ सांगत होते की काही सांगता येत नाही. पहिले काही दिवस ती बोलू शकत होती, थोडं, थांबून थांबून. अंगावर निर्जंतुक झगा, तोंडावर पट्टी, अशा वेशात सिद्धीला पाच-दहा मिनिटं आत सोडायचे.

तिला सिद्धीनंच सांगितलं. दुसरं कोणी सांगणार नव्हतं.

विद्याश्रीनं मान तिच्याकडे वळवली. पापण्या सुजून अर्ध्याच उघडत होत्या. “म्हणजे मी वेडी होत नव्हते,” ती म्हणाली.

“नाही.”

“माझं बरोबर होतं. ‘हे सुरुवातीलाच होतं’ ते.”

“हो.”

मग तिचा चेहरा बदलला. सिद्धीनं तिला चिडलेली पुष्कळदा पाहिली होती, पण ते वरवरचं असायचं. हा राग शांत होता. “मला विचारायचं होतं,” ती म्हणाली. “फक्त विचारायचं. मीच पायरी-पायरीनं कमी करून दाखवली असती. डॉक्टरांना विचारून. लग्नाआधी बघायचंच होतं ना, मग माझ्याबरोबर बघायचं. माझं डोकं आहे ते.”

अक्कांना भेटायचं का, असं नर्सनं विचारलं, तेव्हा तिनं मान हलवून नाही म्हटलं. अण्णांना एकदा येऊ दिलं. ते आत काय बोलले, कोणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धी आत गेली तेव्हा विद्याश्री तिची वाटच बघत होती. “फोन आणलास? मी सांगते, तू लिही.”

“काय?”

“एक पान. माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात बाहेर लावायला. भिंतीवर. मराठीत आणि कन्नडमध्ये.”

“पेशंट लोकांसाठी?”

“पेशंटला कळतं सगळं. घरच्यांसाठी. देणाऱ्यांसाठी.”

फोन आत नेऊ देत नव्हते. सिद्धी ऐकून लक्षात ठेवायची आणि बाहेर येऊन टंकायची. पहिली ओळ तिनं बाहेर लिहिली आणि दुसऱ्या दिवशी तोंडपाठ म्हणून दाखवली. “ज्यांच्या घरात कोणी मनाच्या आजाराचं औषध घेतं, त्यांनी कृपया...”

“कृपया काढ,” विद्याश्री म्हणाली.

“अगं, भिंतीवर लावायचं आहे.”

“काढ. विनंती करून झालीय. तिघांना समोर बसवून झाली होती.”

सिद्धीनं ‘कृपया’ काढलं. मग ओळी वाढत गेल्या. औषध ज्याचं आहे त्याला न सांगता ते बंद करू नका. बरं वाटतंय म्हणजे औषध काम करतंय, आजार गेला असं नाही. बदल केला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, मग समोर कोणीही उभं असो. सिद्धी मध्येच भाषा मऊ करायला बघायची आणि विद्याश्री ती पुन्हा कडक करायची. एकदा सिद्धी म्हणाली, “फार अंगावर येतंय.” विद्याश्रीनं पट्ट्या बांधलेल्या हातांकडे नजर टाकली आणि म्हणाली, “येऊ दे. माझ्या आलंच ना.” तोंडातले फोड दुखत असतानाही दोघी हसल्या. नर्सनं येऊन दटावलं.

त्यानंतर एक ओळ सुरू केली तिनं. “औषध काही दिवस बंद पडलं असेल, तर पुन्हा सुरू करताना आधीइतकीच मात्रा...” एवढं म्हणून थांबली. म्हणाली, “इथे नीट लिहायला हवं. घाबरून लोक अजिबातच सुरू करणार नाहीत, तसंही व्हायला नको. उद्या सांगते. आणि कन्नड मी स्वतः सांगणार हं, तू लिहिलंस तर रिक्षावालेसुद्धा हसतील.”

त्या रात्री तिच्या फुप्फुसात संसर्ग उतरला. श्वासाची नळी घातली. ती पुन्हा बोलली नाही. आठवड्याभरात विद्याश्री गेली.

सिद्धीनं खोली सोडली आहे. अक्का दारात उभ्या होत्या, काहीतरी बोलायला बघत होत्या. सिद्धीनं पेटी उचलली आणि निघाली. त्या पानाचा मजकूर तिच्याजवळ आहे. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अडलेली ओळ मी पुरी करून देतो, लावून टाकू. सिद्धीनं अजून दिलेलं नाही. मराठीचा भाग ‘आधीइतकीच मात्रा’ इथे थांबला आहे. त्याखाली कन्नडसाठी अर्धं पान सोडलं होतं. त्यात एकही अक्षर नाही.